नाशिक–घोटी रोजची बाईक: मे आणि जुलै, दोन्हीला चालेल असं जॅकेट कोणतं?

पाथर्डी_फाटा: रोज पाथर्डी फाटा ते घोटी, हायवेने. मे महिन्यात भर दुपारी निघायचं, जुलैत वाडीवऱ्ह्याच्या पुढे पावसाची झोड. दुकानदार आत रेन लायनर (पाणी अडवणारं अस्तर) असलेलं ‘ऑल सीझन’ जॅकेट गळ्यात मारतोय. घेऊ का?

जाळीवाला: नका घेऊ. मेश (जाळीचं) जॅकेट आणि त्यावरून घालायचा वेगळा रेनसूट, हेच बरं. लायनर आत असतो, त्यामुळे बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं आणि वाऱ्याने अंग गारठतं. ते ओलं जॅकेट कामावर दिवसभरात वाळतही नाही. शिवाय सर आली की रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवून लायनरची चेन लावत बसा!

आतलं लेबल वाचा. ईएन 17092 या बाईकच्या कपड्यांच्या युरोपियन मानकात हायवेसाठी एए दर्जा बघा. त्याखालचा ए घेतलात तर खांद्यावर आणि कोपरावर जाळी नको, जाड कापड हवं. तिथलं आर्मर, म्हणजे धक्का झेलणारे पॅड, ईएन 1621-1 मानकाचं, जमल्यास लेव्हल 2, म्हणजे जास्त संरक्षणाचं. पाठीत बऱ्याचदा नुसता फोम भरलेला असतो. तो काढून खिशाच्या मापाचा ईएन 1621-2 चा बॅक प्रोटेक्टर (पाठीचं पॅड) घाला. माप गाडीवर बसून, हँडल धरून बघा. कोपराचं आर्मर हाताने फिरवून सरकलं तर पडल्यावरही सरकणार.

घाटमाथा: मेशबद्दल सहमत, पण पारा 40 च्या वर गेला की जाळीतून झळाच येतात आणि घाम अंगाला गारवा देण्याआधीच उडून जातो. आत सुती बनियन नको, पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट भिजवून घाला. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हे चालतं, जूनच्या दमटात उपयोग नाही. पाणी पीत राहा, हे वेगळं सांगायला नको.

रेनसूटचं म्हणाल तर किमान 10,000 मिमी वॉटरप्रूफ (कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं, तो आकडा) आणि आतून सगळ्या शिवणींवर टेप. पाणी सगळ्यात आधी बैठकीच्या शिवणीतून शिरतं, कारण सीटवर साचलेल्या पाण्यावर तुमचं वजन पडतं. तिथे शिवण नसलेली पँट मिळाली तर उत्तमच. पायाला गुडघ्यापर्यंत चेन हवी, नाहीतर बूट काढल्याशिवाय ती चढत नाही. पँट बुटांच्या वरून, बाही ग्लोव्हजच्या वरून. आत घातलेत तर बूट आणि ग्लोव्हज दोन्ही भरतात. सायलेन्सरच्या बाजूचा पाय घोट्याशी पट्ट्याने आवळा, नायलॉन लगेच वितळतं.

पाथर्डी_फाटा: रेनसूटचा साइज नेहमीचाच? आणि धुणं?

जाळीवाला: मेश जॅकेट अंगात असतानाच घालून बघा, बहुधा एक साइज मोठा लागतो. फार ढगळ नको, फडफडतो. धुताना जॅकेटमधलं आर्मर काढा. रेनसूटला साधं सौम्य लिक्विड, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, पिळूही नका. ओला घडी करून डिकीत ठेवलात तर टेप सुटते.

घाटमाथा: रंग राहिला. रेनसूटखाली जॅकेटच्या रिफ्लेक्टर पट्ट्या झाकल्या जातात, म्हणून तो फ्लोरोसंट पिवळाच घ्या. धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला काळा दिसत नाही.