‘विणणे’ एकच, मग उसवण्याचे शब्द इतके का?

शब्दवही
स्वेटर विणतात, पैठणी विणतात, बाज विणतात, टोपलीही विणतात. कताई, रंगाई, हातमाग आणि सुयांवरचं काम या चारही कामांची मराठी शब्दावली एकत्र करायला घेतली आणि पहिल्याच नोंदीला गाडी अडली. मागावरच्या आणि सुयांवरच्या कामाला वेगवेगळी क्रियापदं मराठीत आहेत का? नसतील तर घडवावीत का? ‘सूचिविणाई’ असा एक शब्द सुचलाय. कानाला बरा लागत नाही, हे आधीच कबूल.

सुलटउलट
सूचिविणाई राहू द्या, टोचते. मराठीत साधन जोडलं की भागतं: सुयांवर विणणे, क्रोशाने विणणे, मागावर विणणे. माणसाच्या नावात मात्र फरक आहेच. ‘विणकर’ म्हटलं की माग आलाच. सुयांवर स्वेटर विणणाऱ्या बाईला कोणी विणकर म्हणत नाही, ती ‘विणते’ एवढंच.

खरा फरक बघायचा तर मोडताना बघा. स्वेटर उसवतो. साडी उसवत नाही, ती विरते, फाटते, किंवा तिच्या दशा निघतात. बाज सैल पडते. दोरीचा पीळ उकलतो. विणताना आपण एक शब्द वापरतो, पण वस्तू कशी मोडते त्यावरून तिची रचना भाषेने बरोबर ओळखलेली आहे.

शब्दवही
हे पटतंय, पण उसवणे मूळचं शिवणीचं ना? शिवण उसवते, बाही उसवते. स्वेटरला तो शब्द नुसता उसना आलाय असं नाही वाटत?

सुलटउलट
आला असेल, पण जागेवर बसला. शिवणीत काय होतं? एक दोरा टाक्याटाक्याने पुढे गेलेला असतो. गाठ सुटली की तोच दोरा उलट वाटेने निघून येतो. सुयांवरच्या विणकामातही सगळा कपडा एकाच अखंड धाग्याचा. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून ओढून घेतलेला फास असतो, वरच्या टाक्याने त्याला धरून ठेवलेलं असतं. वरचा सुटला की खालचा मोकळा. मागावरच्या कापडात असं होऊच शकत नाही, कारण तिथे उभा ताणा आणि आडवा बाणा अशी दोन वेगळी सुतं एकमेकांना नुसती दाबून बसलेली असतात. फास कुठेच नाही.

म्हणून ‘उसवणे’ची नोंद करताना ही दोन वाक्यं घाला, उपयोगी पडतील:

‘टाके बंद केलेल्या टोकाकडून उसव.’ म्हणजे शेवट झाला तिथून. टाके घातलेल्या, म्हणजे सुरुवातीच्या, टोकाकडून ओढलं तर धागा दर टाक्याला अडकतो, प्रत्येक वेळी टोक फासातून बाहेर काढावं लागतं, आणि चिडून ओढलं की गाठ बसते.

‘टाका सुटला, शिडी पडली.’ एकच टाका सुईवरून निसटला तर त्याच्या खालचे सरळ रेषेत सुटत जातात आणि मध्ये आडव्या धाग्यांच्या पायऱ्या उरतात. अख्खं उसवायचं कारण नसतं. क्रोशाची सुई सुलट बाजूने खालच्या धड फासात घालायची, वरची पहिली पायरी पकडून फासातून पुढे ओढायची, मग दुसरी. उलट टाक्याची पट्टी असेल तर काम फिरवून मागच्या बाजूने हेच करायचं. पायरी चुकली की तिथे एक आडवा धागा लोंबत राहतो, आणि तो हमखास धुतल्यावरच दिसतो.

उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. तिची लडी करून चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात 20–30 मिनिटं भिजू द्या, न पिळता टांगा. खाली जड वजन लावू नका, लोकरीची लवचीकता जाते.

कांडीवाला
मागाच्या बाजूचे शब्द माझ्याकडून घ्या. ताणा, बाणा, धोटा (बाण्याचं सूत आडवं नेणारा), फणी (बाणा ठोकून बसवणारी), वही, कांडी (धोट्यात बसणारी सुताची नळी). वही म्हणजे लिहायची नव्हे. ताण्याचा एकेक धागा ज्या फासांच्या डोळ्यांतून ओवलेला असतो, तो संच म्हणजे वही. तिच्यामुळे अर्धे धागे वर आणि अर्धे खाली होतात, मधल्या फटीतून धोटा जातो. वही आणि फणी दोन्हींतून धागे ओवण्याचं काम इतकं किचकट की इचलकरंजीकडे ‘वहिफणी कामगार’ हा वेगळा वर्गच आहे.

आकडा डोळ्यासमोर ठेवा: 45 इंच पन्हा (कापडाची रुंदी) आणि इंचाला 60 धागे म्हणजे 2700 धागे. प्रत्येक धागा आधी वहीतून, मग फणीतून. म्हणून ताणा संपला तरी शेवटचा हातभर तुकडा वही-फणीत तसाच ठेवतात आणि नव्या ताण्याची टोकं त्याला एकेक करून सांधतात. सांधलेल्या गाठी हळूच पुढे ओढून घेतल्या की नव्याने ओवायला नको. ‘सांधणे’ हा शब्द मोडण्याच्या नाही, जोडण्याच्या यादीत टाका. ‘जोडणे’ लिहू नका, मागावर सांधतात.

आता माझा आवडता शब्द: पाजणी. ताण्याला खळ (पिठाची चिकट पेज) पाजतात ती पाजणी. हल्ली सगळीकडे सायझिंग म्हणतात, यंत्रमागाच्या गावात तर ‘सायझिंग’ हे कारखान्याचंच नाव झालंय. पण पाजणे हे क्रियापद जास्त अचूक आहे. खळ धाग्यावर नुसती लेपली तर ती पापुद्र्यासारखी सोलून पडते. ती आत मुरायला लागते, सुताने प्यावी लागते.

पेळू
फक्त ताण्यालाच का, हेही लिहा. लोक विचारतात.

कांडीवाला
बाणा एकदाच आत जातो आणि बसतो. ताण्याचा प्रत्येक धागा मात्र वहीत वरखाली होतो, शेजाऱ्याला घासतो आणि फणीचा मार खातो. विणला जाईपर्यंत हे शेकडो वेळा. खळ नसली की धाग्यावर तूस (बारीक तंतू) उभं राहतं, शेजारशेजारचे धागे एकमेकांत गुंततात, फट स्वच्छ उघडत नाही आणि धोटा भलत्याच धाग्याखालून जातो. खळ जास्त दाट झाली तर धागा काडीसारखा कडक होतो आणि वाकला की तुटतो. हाताने पाजणी करताना ताणा लांब ताणून कुंच्याने एकाच दिशेने खळ ओढायची, उलट फिरवायचं नाही, आणि सुकायच्या आत धागे सुटे करायचे. ऊन चढायच्या आधी हे उरकतात, कारण उन्हात वरची खळ आधी सुकते आणि धागे जोडीने चिकटतात. घोंगडीला खळ चिंचोक्याची. लोकरीच्या उभ्या धाग्यावरचं तूस दाबायला ती चांगली.

हिराकस
पाजणीचं उसवणंही आहे: खळ काढणे. रंगाईची निम्मी रड इथेच असते. कोरं मांजरपाट आणलं, थेट रंगात बुडवलं आणि डाग पडले की दोष रंगाला देतात. खळ शिल्लक असते तिथे पाणीच शिरत नाही. रात्रभर भिजवा, धुवा, मग किलोभर कापडाला 20–30 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. पाण्याचा थेंब कापडावर टाकला की लगेच शोषला गेला पाहिजे. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा.

आता रंगाचे शब्द. सुलटउलट यांचा नियम इथे जास्तच लागू पडतो. लावताना आपण नुसतं ‘रंगवणे’ म्हणतो. पण रंग बिघडतो तेव्हा:

*रंग जातो*: पाण्यात निघून जातो. साडीच्या दुकानात ‘रंग जाईल का हो?’ विचारतात तो हा.
*रंग लागतो*: शेजारच्या कपड्याला किंवा हाताला.
*रंग उडतो*: उन्हाने.
*रंग विटतो*: हळूहळू, वापराने, तजेला जाऊन.
*रंग फुटतो*: नक्षीच्या रेषेबाहेर पसरतो.

प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. जाणारा रंग म्हणजे धाग्याशी बांधलाच गेलेला नाही. सुती कापड तुरटी एकटी नीट धरत नाही, म्हणून आधी हिरडा: किलोला 150–200 ग्रॅम पूड, नंतर 150 ग्रॅम तुरटी, आणि मग मंजिष्ठा (लाल रंग देणारं मूळ) किंवा जे काही असेल ते. हिरडा वगळला की रंग पहिल्याच धुण्यात बादलीत. हळदीचं उलट. ती तुरटीशिवायही कापडाला छान बसते, पण उन्हात उडते, तिथे तुरटीही फारशी मदत करत नाही. शिवाय साबण लागला की लाल डाग पडतो, हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यातलाच प्रकार.

नीळ म्हणजे लागणारा रंग. तिला तुरटीची गरज नाही. पिंपातून कापड हिरवट-पिवळं बाहेर येतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. गडद हवा म्हणून अर्धा तास बुडवून ठेवलं तर वरवर थर बसतो आणि तो हाताला लागतो. एकदोन मिनिटांच्या पाच-सहा बुडव्या द्या, प्रत्येक बुडवीनंतर पूर्ण निळं होऊ द्या.

हिराकस (रंग काळपट करणारा लोखंडाचा क्षार) जपून. किलोला 10–20 ग्रॅमच्या पुढे गेलात तर रंग मस्त काळपट येतो, पण काही वर्षांत कापड तिथेच विरतं. जुन्या कापडात काळ्या रेघेवरच चिरा गेलेल्या दिसतात त्या यामुळे. मी टोपणनाव म्हणून हेच नाव घेतलंय, म्हणून सांगणं भाग आहे.

शब्दवही
‘विटणे’ आणि ‘उडणे’ मी समानार्थी धरले होते. वेगळ्या नोंदी करते. लोकर ‘आटणे’ कुठे घालू?

सुलटउलट
आटणे दोन प्रकारचं आहे आणि बोलताना आपण घोटाळा करतो. सुती सदरा आटला म्हणजे विणताना ताणलेले धागे पाण्यात मूळ लांबीवर आले. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून चोळला की होतं ते वेगळं: तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, टाके दिसेनासे होतात, कपडा जाड आणि लहान होतो. पहिला ओढून इस्त्री केली तर थोडा परत येतो. दुसरा कधीच नाही, आणि तो उसवतही नाही. कात्रीने कापला तरी दशा निघत नाहीत. दुसऱ्याला ‘जमणे’ म्हणा. पिंजाऱ्यांचा बुरणूस (न विणलेलं लोकरीचं जाड कापड) हा मुद्दाम जमवलेल्या लोकरीचाच.

लोकर रंगवताना हेच टाळायचं असतं: पाणी हळूहळू तापवायचं, 80–85 अंशांवर ठेवायचं, खळखळ उकळायचं नाही, ढवळायचं कमीत कमी आणि त्याच भांड्यात गार होऊ द्यायचं. गरम लोकर थंड नळाखाली धरली की संपलं.

पेळू
कताईतली जोडी राहिली: तुटणे आणि निसटणे. चरख्यावर सूत हातातून गेलं की नवशिके सगळ्यालाच ‘तुटलं’ म्हणतात. टोक बघा. टोक आखूड आणि पिळलेलं असेल तर ते तुटलं, म्हणजे बारीक जागी पीळ जास्त झाला. टोक लांब, निमुळतं, कापसासारखं मऊ असेल तर ते निसटलं, म्हणजे पीळ पुरला नाही. पहिल्यात पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या वळीतून) कापूस जरा जास्त सोडायचा. दुसऱ्यात चातीवर (सूत गुंडाळायच्या काडीवर) गुंडाळायच्या आधी चाक अजून एकदोन वेढे फिरवायचं. रोग उलटे आहेत, औषध बदललं तर दोन्ही वाढतात.

‘पीळ’च्या नोंदीत ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ येईलच. त्याच्याशेजारी ‘पदर’ घाला: दोन पदरी सूत, तीन पदरी लोकर. एकेरी सूत ज्या दिशेने कातलं त्याच्या उलट दिशेने पदर पिळायचे, तरच ते शांत राहतं. हातभर सूत घेऊन दोन्ही टोकं जवळ आणा. खाली सरळ झोका लोंबला तर ठीक, स्वतःभोवती वेटोळी घ्यायला लागलं तर कुठल्या तरी बाजूला पीळ उरलाय. असं एकेरी सूत सुयांवर घेतलं तर विणलेला चौकोन तिरका होतो. कितीही धुवा, कडा सरळ येत नाहीत.

शब्दवही
शेवटची शंका. ‘रफू’ दोन्हीकडे चालतं का, साडीला आणि स्वेटरला?

कांडीवाला
बोलताना चालतं, करताना नाही. रफू म्हणजे भोकावर आधी उभे दोरे ताणायचे, मग एकाआड एक वरखाली आडवे. छोटा ताणा-बाणाच तो. साडीवर दिसेनासा होतो.

सुलटउलट
स्वेटरवर तोच केला तर ठिगळ ताठ राहतं, भोवतालचं ताणलं जातं आणि कडेचा टाका नव्याने सुटतो. तिथे सुईत त्याच जाडीची लोकर घेऊन जुन्या टाक्याच्या वळणावरूनच नवा टाका न्यायचा. त्याला वेगळं नाव ऐकलेलं नाही. ‘टाक्यावर टाका’ म्हटलं की विणणाऱ्या बायकांना कळतं, तसंच लिहा.