मीठ टाकीत नको, वेगळ्या भांड्यात

न्यूट (पाण्यात पाळतात तो शेपटीवाला उभयचर) याच्या पायाच्या बोटांवर कापसासारखा बुरशीचा पुंजका आला की टाकीतच मूठभर मीठ टाका, असा सल्ला वर कोणीतरी दिलाय, तो कृपा करून कोणी पाळू नका. पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं, आणि त्या नाजूक त्वचेला ते रात्रंदिवस सोसावं लागतं. मीठ अंघोळीपुरतंच हवं: वेगळं भांडं, क्लोरीन काढलेलं टाकीइतकंच थंड पाणी, लिटरला १० ग्रॅम, फार तर १० मिनिटं, की लगेच साध्या पाण्यात. आमच्याकडे म्हापशाच्या बाजारात मिठागरातलं जाडं मीठ मिळतं, ते चालतं. फक्त चमच्याने मोजू नका, खडे मोठे असल्याने चमच्यात कमी मावतं. वजन करा, आणि विरघळल्यावर फडक्यातून गाळा, तळाला चिखल बसतोच. माशांच्या बुरशीवरच्या औषधात मॅलाकाइट ग्रीन हे हिरवं रसायन असेल तर ते न्यूटला अजिबात लावू नका.

पण नुसत्या मिठाने भागत नाही, टाकीचं पाणी थंडही ठेवावं लागतं. पाण्यावर पंखा सोडण्याचा उपाय पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, गोव्याच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग थंड कसं होणार? फायर-बेली (लालसर पोटाच्या) न्यूटला २० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. उकाड्याने त्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि पायाच्या बोटांवर तो कापसासारखा पुंजका पुन्हा उगवतो. गोठवलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या आलटूनपालटून सोडा, थर्मामीटर बघत, हळूहळू. आणि पुंजक्याऐवजी अंगभर पातळ पापुद्रा सुटत असेल तर थांबा, ती कात असते, न्यूट ती स्वतःच खाऊन टाकतो.