कठड्याला ताण देऊ नका

दादा, हॅम रेडिओच्या अँटेनासाठी गच्चीवर दोन जीआय पाइप जोडून ४० फूट मनोरा उभा करायचा आणि ताणाच्या तीन तारा कठड्याला बांधायच्या, हा तुमचा बेत वाचून पोटात गोळाच आला. कठडा विटांचा असतो, वरून प्लास्टर. जूनमधल्या पश्चिमेच्या वाऱ्यात तो विटांसकट खाली येईल. ताण बीम किंवा कॉलमलाच द्या.

दुसरं म्हणजे तारेचं बूड खांबापासून उंचीच्या साधारण ६० ते ८० टक्के लांब हवं. म्हणजे ४० फुटांना किमान २४ फूट. नाशिकच्या सिडकोतल्या कुठल्या गच्चीवर तेवढी जागा आहे? २० फुटांवर थांबा. तसंही १४५ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना नजरेच्या टप्प्याचाच हिशेब. अँटेना जमिनीपासून १६ मीटरवर असेल तर पल्ला साधारण साडेसोळा किलोमीटर, आणखी २० फूट चढवून २२ मीटरवर नेली तर सव्वाएकोणीस. जेमतेम तीन किलोमीटरसाठी एवढा खटाटोप? त्यापेक्षा हँडी, म्हणजे हातातला रेडिओ सेट, घेऊन पांडवलेणीचा डोंगर चढा!

माझा पहिला मनोरा मे महिन्यातल्या वळवात वाकला, तोही नेमका दोन पाइप जोडणाऱ्या आट्यांच्या सॉकेटपाशी. आटे पाडले की पाइपाची जाडी तिथेच कमी होते. नंतर मोठ्या पाइपात लहान पाइप दीड फूट आत सरकवून आरपार बोल्ट मारले, आणि बुडाशी बिजागरी ठेवली. आता अँटेनाचं काम निघालं की दोघं मिळून खांब आडवा करतो, वर चढायची भानगडच नाही.

अर्थिंगची पट्टी मात्र खांब उभा करायच्या दिवशीच जोडा.