बॉक्स जंप वाढतेय, व्हर्टिकल मात्र ४४ सेंमीवरच

नेटजवळचा

नमस्कार मंडळी. व्हॉलीबॉल खेळतो, डावीकडून स्मॅश मारतो. वय २२, उंची १७८ सेंमी, वजन ७२ किलो. हात वर करून उभं राहिलं की बोटं २३१ सेंमीपर्यंत पोचतात. जाळी २.४३ मीटरची आणि समोरचे ब्लॉकर माझ्याहून वीतभर उंच, त्यामुळे उडीशिवाय गत्यंतर नाही.

आठवड्यातून चार संध्याकाळी सराव असतो. तो संपला की तिथेच बॉक्स जंप (खोक्यावर उडी) २० चे पाच सेट, टक जंप (गुडघे छातीशी घेत उडी) २० चे तीन सेट, मग पाय पेटेपर्यंत दोरीच्या उड्या. जिमला आठवड्यातून एकदा जातो, पायांना लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शन. स्क्वॉट कधीतरी, ७५ किलोच्या दोन-तीन रेप्स निघतात.

बॉक्स जंप ७० सेंमीवरून ९० वर गेली. पण बोटांना खडू लावून भिंतीवर मोजली की जागेवरची उडी, म्हणजे व्हर्टिकल, ४४ च भरते. हे काय गौडबंगाल आहे? उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली जरा दुखतं, पण अंग गरम झालं की जातं.

हवेतला

घोट्यांना वजनाचे पट्टे बांध आणि रोज शंभर उड्या मार. पट्टे सोडल्यावर पाय पिसासारखे हलके वाटतात. बाकी काही लागत नाही.

जुनी सेटर

हलके वाटतात हे खरं. वाटतात, एवढंच. पट्टे बांधून उडीचा वेग कमी होतो, लय बिघडते आणि उतरताना गुडघ्यावर जादा भार येतो. ज्याचा गुडघा आधीच कुरकुरतोय त्याला तर हा सल्ला नकोच.

आता नेटजवळचा, तुझं गौडबंगाल. खोक्यावर चढताना कंबर किती वर गेली यापेक्षा गुडघे छातीशी किती आले यावर काम भागतं. तुझी कंबर जाते तिथेच जातेय, तू पाय जास्त दुमडायला शिकलास. मी मुलींना खोका देते तो उतरतानाचा आदळा वाचावा म्हणून. ९० चा खोका आणि नडगी सोलून निघालेली, असल्या व्हिडिओंना फार लाइक मिळतात, पण त्याने स्मॅश वर जात नाही.

उडी किती उंच जाणार हे पाय जमीन सोडतात त्या क्षणीच्या वेगावर ठरतं. ४४ सेंमीला तो सेकंदाला साधारण २.९४ मीटर असतो, ५५ गाठायची म्हटली तर ३.२८ लागतो. म्हणजे वेग बारा टक्क्यांच्या आसपास वाढवायचाय, आणि त्यासाठी जमिनीवर वेळ मिळतो सेकंदापेक्षाही कमी. अप्रोच, म्हणजे धाव घेऊन उडालास तर आणखी कमी. तेवढ्यात जमिनीला किती जोरात ढकलतोस, यावरच सगळं आहे. आता सांग, सरावाने दमलेल्या पायांनी मारलेली विसावी टक जंप यातलं नेमकं काय शिकवते? ती दम वाढवते. दम तुला चार संध्याकाळी मैदानावरच मिळतो.

आधी एक चाचणी कर. ताजा असताना, दोन्ही हात कमरेवर ठेवून. पहिली उडी: अर्धं बसून तीन सेकंद तसाच थांब आणि तिथून थेट वर, सुटताना आणखी खाली गेलास तर ती धरायची नाही. दुसरी: उभ्यानेच झटक्यात खाली जाऊन लगेच वर. फोन जमिनीलगत ठेवून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पायांचं चित्रण कर. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोज, २४० ने भाग, की हवेतला वेळ सेकंदात मिळतो. त्याचा वर्ग करून १२३ ने गुण, की झाले सेंटिमीटर. उतरताना गुडघे सरळच ठेव. पाय दुमडून उतरलास तर हवेतला वेळ उगाच वाढतो आणि तूच तुला फसवशील.

नेटजवळचा

ताई, आज सकाळी केलं. थांबून मारलेली १२१ फ्रेम, म्हणजे ३१ सेंमी. झटक्याची १३२ फ्रेम, ३७ सेंमी. ४४ चे एकदम ३७ बघून धक्काच बसला.

जुनी सेटर

धक्का कशाला, हात कमरेवर होते ना. हातांच्या झोक्याचे तुला सात सेंमी मिळतायत, म्हणजे झोका चांगला आहे, त्याला हात लावायला नको.

बघायचंय ते ३१ आणि ३७ मधलं अंतर. खाली जाताना स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा ताणल्या जातात आणि त्या ताणाचा फायदा वर येताना मिळतो. हा फरक अगदीच कमी असता तर मी म्हटलं असतं, तुला तो ताण वापरता येत नाही, प्लायो, म्हणजे झटक्याच्या उड्या, वाढव. तुझा फरक जवळजवळ वीस टक्के आहे. ताण तू छान वापरतोस. कमी पडतं ते मुळातलं बळ, आणि स्वतःच्या वजनापेक्षा जेमतेम जास्त स्क्वॉट हेच सांगतोय. एका चाचणीवर कोणाची कुंडली मांडू नये, पण इथे दोन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवतायत.

म्हणून पुढचे तीनेक महिने बारबेलशी मैत्री कर. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. मुख्य व्यायाम स्क्वॉट, पाच रेप्सचे चार सेट, मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली. वजन असं की पाचवी रेप झाल्यावर अजून एक-दोन निघाल्या असत्या असं वाटावं. सेटच्या मध्ये तीन मिनिटं बस, फोन बघ, काहीही कर, पण घाई नको. वर येताना बार हळू सरकला तरी चालेल, ढकलायचं मात्र पूर्ण वेगाच्या इराद्याने. त्यानंतर रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकत बार खाली-वर) आठचे तीन सेट, कारण उडीत नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा वाटा मोठा असतो आणि लेग एक्स्टेन्शनवाल्यांचं तेच राहून गेलेलं असतं. शेवटी काफ रेझ, म्हणजे टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, जड वजनाने. पोटऱ्यांना लोक वीस-वीस रेप्सचं चुटूरपुटूर काम देतात. त्याने भागत नाही.

उड्या त्याच दोन दिवशी, पण वजनांच्या आधी, वॉर्मअप झाल्यावर लगेच. पोगो, म्हणजे चवड्यांवर छोट्या झटपट उड्या, दहाचे तीन सेट, घोटा ताठ, गुडघे जवळजवळ सरळ. मग हातांच्या झोक्यासह जागेवरची पूर्ण उडी, चारचे चार सेट, प्रत्येक उडी भिंतीवरच्या खुणेकडे. मग अप्रोचच्या उड्या तीनचे चार सेट. यात शेवटून दुसरं पाऊल लांब आणि टाच आधी टेकवून टाक. धावण्याचा वेग वर वळतो तो तिथे. सगळं मिळून साठाच्या आत. नवख्याला एका सत्रात पाय टेकायची मर्यादा ८० ते १०० सांगतात, पण तुझ्या सरावात स्मॅश आणि ब्लॉकच्या उड्या आहेतच, त्या कोण मोजणार? सरावानंतरचं सगळं बंद. दोरीसुद्धा.

हवेतला

आणि डेप्थ जंप, खोक्यावरून खाली येऊन लगेच वर उडी? खरी प्लायो तर तीच ना. स्क्वॉट करत बसला तर पाय जड होतील.

जुनी सेटर

पाय जड होतात पहिले काही आठवडे, थकव्याने. भार कमी केला की तो थकवा उतरतो आणि आकडा त्यानंतर हलतो. तोवर ४४ चे ४३ झाले तरी घाबरायचं नाही.

डेप्थ जंपला माझा विरोध नाही, पण ती शेवटी. सोव्हिएत प्रशिक्षक वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली ती मुरलेल्या उडीपटूंसाठी. स्वतःच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट झाल्याशिवाय डेप्थ जंपला हात लावायचा नाही, असा जुना दंडक आहे. मी तो इतका कडक पाळत नाही, पण याला आत्ता देणारही नाही. हे तीन महिने संपून दुसरा टप्पा आला की ३० सेंमीच्या खोक्यावरून पाऊल सोडून खाली, टेकताक्षणी वर. चारचे तीन सेट, पुरे. त्याच फोनवर बघायचं: पाय जमिनीवर ६० फ्रेमपेक्षा जास्त वेळ, म्हणजे पाव सेकंदाहून अधिक राहिले, किंवा उडीच बसकी आली, तर खोका उंच झाला. खाली आणायचा.

वाटीवाला

गुडघ्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वाटीच्या खालच्या टोकाला बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, गरम झाल्यावर जाणारं आणि दुसऱ्या दिवशी परत येणारं, हे कंडराचं असण्याची शक्यता बरीच. उड्या मारणाऱ्यांत हे इतकं दिसतं की त्याला जंपर्स नी असंच नाव पडलंय. न बघता निदान करणार नाही, एकदा जवळच्या फिजिओला दाखवाच.

तोवर पूर्ण आराम नको, भाराशिवाय कंडरा आणखी नाजूक होते. ताईंनी सांगितलेले जड स्क्वॉट तिला मानवतात. उड्या मात्र हाताळून. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच असलं तर चालू ठेवा. सकाळी एका पायावर थोडं बसून बघायचं, रोज तेवढंच खाली, तीच तपासणी. वाढलेलं दिसलं तर आधी उड्या निम्म्या करा, वजन नाही. वॉर्मअपच्या आधी भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत ४५ सेकंद, असं चार-पाच वेळा धरून ठेवलं तर बऱ्याच जणांचं दुखणं तात्पुरतं कमी होतं. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरेला महिने लागतात. ताईंच्या तीन महिन्यांत काटछाट करू नका.

नेटजवळचा

दोघांचेही आभार. दोरी कपाटात ठेवली. एकच विचारतो: रविवारी मॅच असेल तर स्क्वॉट कधी?

जुनी सेटर

मंगळवारी पूर्ण. गुरुवारी तेच वजन, पण चारऐवजी दोनच सेट, आणि उड्या निम्म्या. शुक्रवार-शनिवार पायांना वजन नाही. सराव असला तर सर्व्हिस आणि पासिंग कर, आणि तुझ्या कोचला आधीच सांगून ठेव, नाहीतर तो शनिवारी तासभर स्मॅश मारायला लावेल. खडूची खूण महिन्यातून एकदाच, तीही विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.