घड्याळ, पेस आणि दम: तिघांचं पटेना तेव्हा तुम्ही कोणाचं ऐकता?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, म्हणजे ऑक्टोबरपासून लाँग रन वाढायला लागतात आणि दर रविवारी तोच पेच पडतो. घड्याळ म्हणतं हृदयाचे ठोके फार झाले, पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) म्हणतो अजून हळूच आहेस, पाय म्हणतात मजेत चाललंय. अशा वेळी तुम्ही काय करता? ठिकाण आणि हवेसकट सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मी वरळी सी फेसला धावते. ऑक्टोबरात पहाटे साडेपाचलाच अंग चिकचिकत असतं. किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसने निघाले की आधी ठोके १४० च्या आत असतात. तासाभराने पेस तोच, दमही तेवढाच, पण ठोके १५५. घामातून पाणी गेलेलं असतं, अंग गार ठेवायला रक्त त्वचेकडे वळलेलं असतं, दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, मग हृदय जास्त वेळा धडधडून ती कसर भरून काढतं. म्हणून दमट दिवसांत मी लाँग रनला पेस बघतच नाही, ठोक्यांची मर्यादा तेवढी पाळते. डिसेंबरात गार वारं सुटलं की त्याच मर्यादेत वेग आपसूक वाढतो. तो वाढलेला बघताना फार बरं वाटतं!

सातारा
आमच्या यवतेश्वर घाटात पेसला काही अर्थच नाही. चढाला श्वासावर चालायचं. कमाल ठोक्यांचं ‘२२० वजा वय’ हे सूत्रही मी सोडलंय: वय ५२, म्हणजे कमाल १६८ हवेत, पण घाटात जोर लावला की १८१ दिसतात आणि तब्येत ठणठणीत आहे (डॉक्टरांकडून तपासून घेतलंय). सूत्र सरासरीचं असतं, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. खरी गंमत उतारावर. घड्याळ निवांत १३५ दाखवतं आणि मांड्या मात्र भरून येत असतात, कारण प्रत्येक पावलाला त्या ब्रेक लावत असतात. हे ठोक्यांत दिसत नाही आणि पेसमध्ये तर नाहीच. ते मांड्यांनाच विचारावं लागतं.

पुणे
वेताळ टेकडीवर थंडीत इझी रनला १७२ ठोके दिसले, तर आधी पावलं मोजा. माझी मिनिटाला नेमकी तेवढीच निघाली. मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोके सोडून पावलांची लय पकडतो. मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले, चारने गुणले, १४० च्या आसपास आले. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा घेतलात तर उत्तमच.

नाशिक
मला बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. ते औषध ठोके चढूच देत नाही, त्यामुळे झोनचे (ठोक्यांवरून ठरवलेल्या टप्प्यांचे) आकडे मला लागू पडत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी बोर्गच्या ६ ते २० या मोजपट्टीवर (किती दम लागतोय याला आपणच आकडा द्यायचा) धावते, इझीला १२ च्या आतबाहेर. त्याची घरगुती चाचणी म्हणजे तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. ‘तेरा पंचे पासष्ट’ला धाप लागली की वेग कमी.

ठाणे
मी पेसच्या बाजूने बोलणार. शर्यतीच्या सुरुवातीला दमावर विसंबू नये. आधीचे दिवस विश्रांती झालेली, भोवती गर्दी, ढोल वाजतायत; वेगात जाऊनही काहीच जड वाटत नाही. उत्साहाने ठोकेही उगाच चढलेले असतात. तेव्हा पहिले पाच किलोमीटर मी फक्त ठरवलेला पेस धरतो. मॅरेथॉनच्या शेवटाकडे पेडर रोडचा चढ येतो, तिथे तो सोडतो. ट्रॅकवरच्या ४०० मीटरलाही पेसच. ठोके वर यायला वेळ लागतो, तोवर फेरी संपत आलेली असते.

नागपूर
मी उठल्याउठल्या अंथरुणातच ठोके बघते. एरवी ५४. मागे एकदा ६२ आले, पाय एकदम ताजे होते, तरी टेम्पो रन (वेगातली, दमवणारी धाव) रद्द केला. संध्याकाळी अंगात कणकण आणि ताप. पाय छान वाटत असले तरी त्या आकड्याला मी मान देते.

सातारकर, घाट उतरल्यावर मांड्या मोकळ्या व्हायला तुम्हाला किती दिवस लागतात? इकडे सगळं सपाट, तयारी कशी करावी तेही सांगा.