मदत हवी आहे: थरच्या वाळवंटात पायी फिरायचंय, सोबत ६६ वर्षांचे नाना

नमस्कार मंडळी,

मी धुळ्याची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरकडे जायचं घाटतंय. मी आणि वडील, दोघंच. येऊन-जाऊन आठ दिवस हातात आहेत.

चार वर्षांपूर्वी एका टूरवाल्याबरोबर तिकडे जाऊन आलेय. उंटावरून वीस मिनिटं, मग जीप, मग तंबूपुढे रात्री अकरापर्यंत डीजे. पहाटे एकटीच उठून टेकडीच्या मागे गेले. तिथे गवताचं एक वाकलेलं पातं होतं आणि वाऱ्याने फिरून फिरून त्याने स्वतःभोवती वाळूत गोल रेघ काढली होती, कंपासने काढावी तशी. किती वेळ बघत बसले कोण जाणे, शेवटी जीपवाला हॉर्न मारायला लागला. त्या सहलीतलं तेवढंच लक्षात आहे. आता तसलंच काही बघत सावकाश चालायचंय.

नाना शिंदखेड्याला असतात, निवृत्त कृषी सहायक. झाड दिसलं की थांबणार, पान चुरगळून वास घेणार, मगच पुढचं पाऊल. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "वाळूच देखनी शे ना, मंग तापीवर चाल." दर मे महिन्यात ४४-४५ डिग्री सोसलेल्या माणसाला वाळवंटाचं काय कौतुक! मग मी जुन्या फोनमधला खेजडीचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला नि म्हणाले, ही तर शमी. आपल्या बांधावर होती ती. काढ तिकीट.

तर विचारायचंय ते असं. डीजे नसेल अशी वाळू कुठे आहे? नानांना रोज किती चालवावं? गुडघे ठणठणीत आहेत, बीपीची गोळी चालू आहे. बूट कसले घ्यावेत? आणि तिकडच्या झाडांची आपल्याकडची नावं कुणी सांगेल का? नाना तिकडच्या लोकांना विचारतील, पण उत्तर मारवाडीत येईल.

साक्रीकर

ताई, पवनचक्कीच्या कामाने जैसलमेरला चार वर्षं काढलीत. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवरून थेट तिकडच्या पवनचक्क्यांवर. वारा सोडला तर काही बदललं नाही.

पहिली गोष्ट, वाळवंट म्हणजे सगळी वाळू हे डोक्यातून काढा. जैसलमेरच्या आसपास मुख्यतः दगड आहे. पिवळा, चपटा, पायाखाली खणखण वाजणारा. त्या खडकाळ पट्ट्याला ते मगरा म्हणतात आणि वाळूच्या टेकड्यांना धोरे. लोक धोऱ्यांसाठी येतात, पण चालायला मगरा जास्त बरा. सम गावचे धोरे शहरापासून ४० किलोमीटर, तुमचा डीजे तिथलाच. तुम्ही खुरीला जा. गाव आहे, मातीच्या घरात राहायची सोय होते, आणि पहाटे धोऱ्यावर तुम्ही आणि शेळ्या, बाकी कुणी नाही.

धोरा चढायची एक रीत आहे. वाऱ्याकडची बाजू लांबट आणि घट्ट असते, तिथून चढायचं. दुसऱ्या बाजूला वाळू नुसती ओतल्यासारखी असते, तिथून चढलात तर दोन पावलं वर, एक खाली. वाळूत चाल निम्म्यावर येते हे धरूनच हिशोब करा. सकाळी साडेसात ते साडेदहा, मग सावली, परत साडेतीन ते सूर्य मावळेपर्यंत. यापेक्षा जास्त नानांना चालवू नका.

पश्चिमेकडे सीमेलगतच्या गावांत जायला परवानगी लागते, तेव्हा मोकळं दिसतंय म्हणून चालत सुटू नका. डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, पण त्यात गावं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात. कुंपण घातलेल्या भागांत मात्र शिरायचं नाही, तिथे माळढोक आहेत. ते त्याला गोडावण म्हणतात. शहरातल्या वनखात्याच्या कचेरीत आधी चौकशी करून घ्या. मला चार वर्षांत तीनदा दिसला, तिन्ही वेळा पाठमोरा.

भुसावळ_४७

भुसावळकरांना वाळवंट बघायला तिकीट काढावं लागत नाही, दार उघडलं की झालं. 😀

पण ताई, थंडीचं मनावर घ्या. दिवसा पंचवीस असेल तरी रात्री पारा पाच-सहावर येतो, वाळू तर बर्फासारखी. मी उन्हाच्या घमेंडीत एक पातळ स्वेटर घेऊन गेलो होतो. रात्रभर उंटवाल्याची गोधडी पांघरून त्याच्या उंटाला टेकून बसलो. उंटाचा वास अजून नाकात आहे.

पानफूल

नंदुरबारला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तुमच्या नानांना भेटायला आवडेल!

खेजडी म्हणजे शमी, त्यांनी बरोबर ओळखलंय. फक्त दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो आणि सोनं म्हणून वाटतो आपट्याची पानं, त्यामुळे हल्लीच्या पोरांना शमी दाखवा म्हटलं की आपटा दाखवतात. तिकडे ती बाजरीच्या शेतात मधोमध उभी असते आणि कुणी तोडत नाही. पाल्याला लूंग म्हणतात, शेळ्या-उंटांचा चारा. शेंगा म्हणजे सांगरी. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात हीच झाडं वाचवताना अमृता देवींसह बिश्नोई समाजातली ३६३ माणसं मारली गेली. नानांना तिथे नेता आलं तर न्या.

केर म्हणजे आपली नेपती. पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या हिरव्या काड्यांचं जाळं. हिरवी फळं मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून कडूपणा काढतात आणि सांगरीबरोबर भाजी करतात. आक म्हणजे रुई, हिंगोटा म्हणजे हिंगण, तुंबा म्हणजे कडू इंद्रावण, रोहिडा म्हणजे रक्तरोहिडा. झाडबेर ही बोरटीच, अंगाला घासून गेली की ओळख पटते. विलायती बबूल म्हणजे वेडी बाभूळ, ती काय, दोन्हीकडे माजलीय.

फोगला मात्र आपल्याकडे नावच नाही, कारण झाडच नाही. धोऱ्यावरचं झुडूप, पानांशिवायच्या बारीक काड्या, लांबून झाडू उलटा रोवल्यासारखं दिसतं. फुलांचं रायतं करतात. सेवण गवतही नानांना नवं असेल. त्याच्या जुड्या वाळू धरून ठेवतात आणि प्रत्येक जुडीच्या मागे वाळूची शेपटी तयार होते. तुम्ही पाहिलेली गोल रेघ बहुधा त्याच्याच पात्याची.

जोधपूरला एक दिवस ठेवाच. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, ७० हेक्टर, बहुतेक ज्वालामुखीचा खडक. २००६ साली वृक्षअभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी काम सुरू केलं तेव्हा तिथे वेड्या बाभळीचं रान होतं. वरून तोडली की खालून फुटते, म्हणून दगडाच्या खाणीत पिढ्यान् पिढ्या काम करणारे खंडवालिया बोलावले. ते हातोडी मारून खडकाचा आवाज ऐकत, कुठे फुटेल ते ओळखत आणि खड्डा करून मुळासकट बाभूळ काढत. त्याच खड्ड्यांत मग वाळवंटाची मूळची झाडं लावली. पार्कात पायवाटा आखलेल्या आहेत, झाडांची ओळख तिथेच पक्की होईल.

एकच सुचवते. जमलं तर फेब्रुवारीअखेर जा. रोहिडा फुलतो तेव्हा करड्या रानात केशरी झाड एकटंच पेटल्यासारखं दिसतं. डिसेंबरात ते मिळणार नाही.

साक्रीकर

मॅडम, फुलांचं खरंय, पण फेब्रुवारी सरताना दुपारी चांगलंच तापायला लागतं. नानांचं वय बघता डिसेंबरच. रोहिडा पुढच्या खेपेला.

बुटांचं राहिलं होतं. घोट्यापर्यंतचे, बंद, जाळी नसलेले. आणि भुरटपासून जपा. बारीक काटेरी गोंड्यांचं गवत आहे, कपड्यात घुसलं की निघत नाही. लोकरीचे मोजे तर मुळीच नकोत.

मी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. साक्रीकरभाऊ, तुमचं वाचून रविवारी रंगीत तालीम केली. लळिंगच्या कुरणात नानांना घेऊन सकाळी सातला चालायला सुरुवात, पाठीवर सामान तिकडे असेल तेवढंच.

निकाल बरा नाही. मी दोन लिटर पाणी संपवलं, नानांची बाटली अकराला तशीच भरलेली. विचारलं तर म्हणे, प्यायलं की आडोसा शोधावा लागतो. तिथेच भांडण. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यामुळे पाणी कमी पडून चालणारच नाही. गोळी कधी घ्यायची ते डॉक्टर तपासून सांगणार आहेत. आता दर अर्ध्या तासाला माझ्यासमोर चार घोट, असा करार झालाय. दिवसाला माणशी चार लिटर पुरेल ना?

दुसरं, कुसळ. गवत वाळलेलं होतं. लोकरीच्या मोज्यांचा सल्ला मी वाचला होता, नानांनी नाही. परत आल्यावर ओट्यावर बसून पाऊण तास ते एकेक कुसळ उपटत होते आणि प्रत्येकाचं टोक मला दाखवत होते. बघ, ओलं झालं की पीळ सुटतो आणि आपोआप जमिनीत घुसतं. एक ताटलीत पाणी घालून दाखवलंसुद्धा. खरंच वळवळलं हो, किड्यासारखं! मोजे फेकले.

पानफूलताई, तुमची यादी नानांनी वहीत उतरवून घेतलीय. उजवीकडचा रकाना तिकडे गेल्यावर भरायला कोरा ठेवलाय. आणि त्यांचा एक प्रश्न आहे. जैसलमेरकडे खडीन असतात असं त्यांनी नोकरीत असताना ऐकलंय. ते आता कुठे बघता येतील?

साक्रीकर

चार लिटर धरा, एखादी बाटली वर असू द्या.

खडीन जरूर दाखवा. तिथल्या पालीवाल ब्राह्मणांनी बांधलेले आहेत. दगडी उतारावरचं पावसाचं पाणी खालच्या सपाटीवर बांध घालून अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे! कुलधरा हे पालीवालांचं ओसाड पडलेलं गाव शहरापासून १८ किलोमीटर आहे, भुताखेताच्या गोष्टी ऐकायला गर्दी तिथेच जाते. त्या बाजूच्या रस्त्याला डिसेंबरात पिवळ्या दगडांत मध्येच हिरवा चौकोन दिसला, की खडीन समजा आणि गाडी थांबवा. शेतात कुणीतरी असतंच. आमच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांना वाटून द्यायची जुनी रीत, नानांनी बघितलेली असणार. त्यांना त्या शेतकऱ्याजवळ बसवा आणि तुम्ही तासभर वाळूतल्या रेघा शोधत हिंडा.

मी (धागाकर्ती)

फड म्हटल्यावर नाना एकदम ताठ बसले. आता म्हणतात जोधपूर एक दिवस, खडीन दोन दिवस, वाळू उरलेल्या वेळात. खुरीला दोन रात्री तरी ठेवायच्याच यावर मी अडून बसलेय. जळगाव-सुरत लाइनने सुरत, तिथून अहमदाबाद आणि जोधपूर अशी तिकिटं काल काढली.

भुसावळभाऊ, दोन गोधड्या घेतल्यात. भुरटसाठी चिमटाही. घरात भुवयांचा एकच होता, तो नानांनी कालच पेनाच्या खिशात टाकला.