पूर आराखड्यात आरोग्याचं नेमकं काय लिहायचं?

कृष्णाकाठ_शिरोळ:
नमस्कार मंडळी, मी ग्रामपंचायत सदस्य आहे, गाव शिरोळ तालुक्यात नदीला लागूनच. गावचा आपत्ती आराखडा नव्यानं करायला घेतलाय. जुन्यात बोट, लाइफ जॅकेट, दोरखंड, जनावरं कुठं हलवायची सगळं हाय, पण आरोग्याच्या पानावर फक्त पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) फोन नंबर आणि १०८. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही टायमाला खरी पळापळ पाणी उतरल्यावर झाली, तापाचे पेशंट, घाण पाणी. ह्यात काय घालावं, जरा अनुभवी लोकांनी सांगा.

आरोग्यसेवक_निवृत्त:
सदस्यसाहेब, पहिलं काम म्हणजे आशाताईंना समितीत घ्या, नुसत्या सहीपुरत्या नको. कुठल्या गरोदर बाईची तारीख कधीची, टीबीची गोळी कोणाला चालू, सगळं त्यांच्या वहीत असतं. ती यादी जूनमध्येच काढा आणि नववा महिना लागलेल्या बायका पाणी पात्राबाहेर यायच्या आत हलवा, बोटीत बाळंतपण नको.
दुसरं पाणी. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, नुसती गोणीत असून उपयोग नाही, ओल लागली की तिची ताकद जाते, कोरड्या जागी झाकून ठेवा. चांगली असेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम पुरते. टाकल्यावर अर्धा-एक तास थांबायचं आणि ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं, पिवळा रंग आला तरच पाणी सोडायचं.
आणि चिखल काढणारी माणसं! लोक अनवाणी घर धुतात, पायाला चीर असती, लेप्टो (घाण पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) तिथूनच शिरतो. गमबूट घ्या. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी आठवड्याला २०० मिलिग्रॅम देतात पण ती डॉक्टरनी सांगितल्यावरच, गरोदर बाया आणि लहान पोरांना नाही.

मिरजकर:
वरच्यांनी डायलिसिसचं लिहिलं नाही म्हणून सांगतो. २०१९ ला आमच्या वडिलांचं आठवड्यात तीनदा डायलिसिस चालू होतं आणि सेंटरकडं जायचा रस्ताच पाण्यात, तिकडं हायवे पण बंद, शेवटी लांबच्या नातेवाईकाकडं हलवलं ते एक दिवस उशिरानंच. तेव्हा असे पेशंट कोणत्या गावात कोणत्या सेंटरला जाणार ते आधी ठरवा, तिथल्या लोकांशी बोलून ठेवा. इन्सुलिनवाले पण, लाइट गेली की फ्रिज गेला, आमची आई कुपी डबीत बंद करून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची.

पोलादी_पाटील:
आराखडे करून काय होतंय, पूर आला की कपाटासकट वाहून जातात 😄

आरोग्यसेवक_निवृत्त:
@पोलादी_पाटील म्हणून तर सांगतो पाटील, एक प्रत आशाताईंकडं, एक वरच्या गल्लीत. आणि साप चावल्यावरचं विषउताऱ्याचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात मिळतं, तिथला रस्ता पाण्याखाली जातो का, हे पण लिहा. पाणी वाढलं की साप घरात येतात, आणि माणसं आधी मांत्रिकाकडं जातात.

कृष्णाकाठ_शिरोळ:
लई उपयोगी, धन्यवाद. शाळेच्या कॅम्पात संडास किती लागतील? मागच्या टायमाला बायकांचे लई हाल झाले.

आरोग्यसेवक_निवृत्त:
सुरुवातीला ५० माणसांमागे एक तरी, मुक्काम लांबला तर २० ला एक. बायकांचे वेगळे, कडी आणि दिवा पाहिजेच. आणि पॅड किटमध्ये घाला, कोणी मागत नाही म्हणून राहून जातं.

कृष्णाकाठ_शिरोळ:
बरोबर. उद्या आशाताईंकडं जातो वही बघायला.